कपाळापर्यंत आलेले जिभाऊ

"कपाळापर्यंतच आलेत अजून," माझ्या कानामागं कुणीतरी पुटपुटलं. "ह्या चालीनं तोंड दिसेस्तोवर गिऱ्हाइकाच्या पोरीचं लग्न लागून बारसंही होईल. साडी कशाची घेतंय!"

कुणीतरी म्हणजे आमचे हे, वाल्मिकराव. खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते आणि मला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, पण नक्की ऐकू जाईल इतक्या जवळून कुरकुरत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्या कुरकुरीला उत्तर द्यायचं असतं की नसतं, ते मला अजून कळलेलं नाही.

समोर कॉम्प्युटरवर आमच्या दुकानाची साइट उघडत होती. म्हणजे उघडायचा विचार करत होती. वरून खाली, एकेक बारीक पट्टी उतरायची. आधी चौकटीची कड, मग काळी टोपी, मग टोपीखालचं रुंद कपाळ. हे कपाळ जिभाऊंचं. जिभाऊ म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, शालिग्राम. जळगावकडून सुरतेला पहिले आले ते, लूमवर राबले ते, आणि उधन्यातलं 'शालिग्राम साडी सेंटर' उघडलं तेही त्यांनीच. त्यांना जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. दुकानात गादीच्या वर त्यांचा मोठा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. तोच फोटो साइटवर पहिला होता.

का, असं कुणी विचारलं तर मला नीट सांगता येणार नाही. सकाळी शटर वर गेलं की पहिली उदबत्ती जिभाऊंना आणि मग बोहनी, ही आमच्याकडची रीत. मी साइट बनवायला बसले तेव्हा हात आपोआप तिकडं गेला. हे म्हणाले, "जिभाऊ अंधुक नकोत हं." म्हणून स्कॅनरवाल्याकडून चौकट-हारासकट, सगळ्यांत मोठ्या मापाचा करून आणला. इतका स्पष्ट की टोपीची शिवण मोजता यावी. फक्त ती शिवण टेलिफोनच्या तारेतून यायची होती.

नव्याण्णव साल होतं. इंटरनेट फोनच्या तारेतूनच यायचं, आणि येण्याआधी असं किंचाळायचं की दुकानातली लहान पोरं आईच्या पदरात शिरायची. दुकानात फोन एकच. मी साइट लावून बसले की कतारगामचा व्यापारी, रंगवाला, धुळ्याची नणंद, कुणाचाच फोन लागायचा नाही. सगळ्यांना वाटायचं आमचा धंदा फार जोरात आहे, फोन सारखा गुंतलेला असतो.

कॉम्प्युटर खरा तर हिशेबाला आणला होता. मुनीमजी त्याला हात लावायचे नाहीत. करंट बसेल म्हणायचे. मग त्यावरची धूळ पुसायचं काम माझ्याकडं आलं, आणि पुसता पुसता बटणं दाबली जायला लागली. मी आठवीपर्यंत शिकलेली. गुजराती वाचायला दुकानांच्या पाट्यांवरून शिकले, इंग्रजी साड्यांच्या खोक्यांवरून. साइट बनवायचं एक गुजराती पुस्तक चौकातल्या फुटपाथवर मिळालं, त्याची शेवटची पानं कुणीतरी फाडून नेली होती. त्यामुळं साइट सुरू कशी करायची ते मला आलं. आवरती कशी घ्यायची ते आलं नाही. जे जे जमलं ते ते मी घातलं. वर हलणारं झेंडूचं तोरण, मागं बांधणीचे ठिपके, उघडल्याबरोबर सनईची धून. खाली साड्या. प्रत्येक साडी पदरापासून निऱ्यांपर्यंत पूर्ण उलगडलेली, कारण आमचा सेल्समन बळीराम म्हणाला होता, "ताई, साडी अर्धी दाखवाल तर गिऱ्हाइकाला वाटतं उरलेली फाटकी हाय." बळीराम नांदेडकडचा. गादीवर बसून हवेत साडी अशी फेकतो की ती उलगडत खाली येईपर्यंत बाईनं मनातल्या मनात नेसलेली असते. त्याचं ऐकायलाच हवं होतं.

आमची साइट ज्यांच्या मोठ्या कॉम्प्युटरवर ठेवलेली होती ते हसमुखभाई, रिंगरोडवर त्यांचं ऑफिस. साइट सुरू झाल्यावर त्यांचा फोन आला. "बहेन, तमारी साइट बहु भारे छे."

मी फोन ठेवून ह्यांना म्हटलं, "हसमुखभाई म्हणतात, साइट फार भारी आहे."

ह्यांचा चेहरा उजळला. "मग! म्हटलं नव्हतं मी?"

आता सांगायला लाज वाटते असं नाही, पण गंमत वाटते. गुजरातीत भारे म्हणजे जड, हे आम्हाला माहीत नव्हतं का? हमाल गठ्ठा उचलताना 'भारे छे' म्हणतो तेव्हा आम्हाला बरोबर कळतं. पण साडीच्या दुकानात बसून तुमचं काहीतरी भारी आहे असं ऐकलं की डोळ्यांपुढं जरच येते. भारी म्हणजे लग्नाच्या बस्त्याची, काचेच्या कपाटातली, बाईनं हात पुसून मग हातात घ्यायची. म्हणून आम्ही ती आणखी भारी केली. ह्यांनी कपाटातून निवडून निवडून माल काढला, बळीरामनं उलगडला, मी साइटवर चढवला. त्या दिवसापासून साइट जवळजवळ बसलीच. आणि तरी हे दोन-तीन गिऱ्हाइकांना सांगत होते, "रिंगरोडवाले स्वतः भारी म्हणाले."

मग लेस्टरहून ज्योत्स्नाबेनची ईमेल आली. ह्या मूळच्या सुरतेच्याच, बारडोलीकडच्या. इंग्लंडला त्यांचं महिला मंडळ होतं आणि मंडळातल्या सगळ्या बायकांना भाचीच्या लग्नात एकसारख्या साड्या हव्या होत्या. गुजराती, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेली. मी मोठ्यानं वाचत गेले आणि हे, बळीराम आणि मुनीमजी ऐकत उभे राहिले. तिचा अर्थ असा: 'साइट उघडली. एक काका दिसायला लागले. मी चहा करायला गेले. चहा पिऊन आले तरी काका अर्धेच होते. तुमची साइट साड्यांची आहे की काकांची? शनिवारी बायका माझ्याकडं जमणार आहेत, तेव्हा पुन्हा उघडते. नाही उघडली तर आम्ही दुसरीकडं बघू. वाईट वाटून घेऊ नका.'

बळीराम हसायला लागला होता, पण ह्यांच्याकडं बघून त्यानं ते खोकल्यात घातलं.

"शनिवार," हे म्हणाले. मग माझ्याकडं न बघता, मुनीमजींकडं बघून, "ह्या बाईची ऑर्डर आली तर टेबल नूतनचं. नाही आली तर फोन पुन्हा गल्ल्यापाशी, आणि हा डबा मुनीमजींकडं. रोज किती लोकांचे फोन लागत नाहीत!"

"माझ्याकडं नको," मुनीमजी म्हणाले.

मला ऑर्डरचं एवढं नव्हतं. मला टेबल हवं होतं. घरात माझी जागा म्हणजे ओटा, देवघरापुढचा पाट, शिवणाच्या मशीनचं स्टूल. ह्या प्रत्येक जागेवरून कुणीही मला 'जरा सरक' म्हणू शकायचं. ह्या टेबलावरून मला कुणी सरकवत नव्हतं, कारण तिथं काय करायचं ते दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. नीटसं मलाही नव्हतं, हे फक्त मला माहीत होतं.

आता साइट हलकी करायची तर काय काय काढायचं? मी तोरण काढलं. काहीच फरक नाही. सनई काढली. थोडं बरं वाटलं, पण ते कदाचित कानाला. बांधणीचे ठिपके काढले तेव्हा हे म्हणाले, "भिंत चुन्याची वाटतेय," पण राहू दिलं. साड्यांच्या फोटोंपाशी मात्र मी अडले. पुस्तकात लिहिलं होतं, फोटो बोटभर करा. ज्याला मोठा बघायचा तो त्यावर बटण दाबेल.

बळीरामनं कपाळाला हात लावला. "घडी बघून कोण साडी घेतं, ताई?"

"तू गादीवर काय करतोस? पहिल्यांदा काय दाखवतोस?"

"पहिल्यांदा? पहिल्यांदा कपाटातल्या घड्या. बाई बोट दाखवती, ही काढा, ती काढा..."

तो बोलता बोलता थांबला. मीही थांबले. "मग इथंही घड्याच लावू," मी म्हटलं. "बाई बोट दाखवेल, तेवढीच उलगडेल."

"आन सगळ्या उलगडल्या तर?"

"तर दुकान बंद करताना तुला सगळ्या घालाव्या लागतात ना घड्या, तसं होतं. तेच होतंय."

हे त्याला पटलं. मला स्वतःला बोलून झाल्यावर पटलं. एकेका साडीची घडी करून लावली, आणि आतली पानं झटकन उघडायला लागली. बोट लावलं की साडी हजर. बळीराम स्वतः येऊन दोन-चारदा उलगडून गेला. "हातानं सोपं जातं," म्हणाला, "पण हे बी बरं हाय."

राहिलं पहिलं पान. तिथं जिभाऊ होते. जिभाऊ पूर्ण उतरल्याशिवाय खालच्या घड्यांना वाट मिळत नव्हती, आणि जिभाऊ कधी पूर्ण उतरत नव्हते.

मी फोटो लहान करून बघितला होता. हे टेबलापाशी आले, बघितलं, आणि इतकंच म्हणाले, "थोरल्याला धाकटा केलास?" शिवाय आक्का होत्या.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, सुभद्राबाई. जिभाऊंच्या मागं राहिलेल्या. साइट सुरू झाल्यापासून त्या रोज दुपारी दुकानात येत. पूर्वी कधी येत नसत. हातात डबा, त्यात माझ्यासाठी कळण्याची भाकरी नाहीतर शेवभाजी. टेबलाशेजारच्या स्टुलावर बसत, पदर गुडघ्यावर ओढून घेत आणि म्हणत, "लाव." मी लावायची. तारेत किंचाळणं व्हायचं. मग टोपी यायची, कपाळ यायचं, भुवया यायच्या. आक्का हनुवटी किंचित वर करून बघत राहायच्या. डोळे आले की मला पडद्याकडं बघवत नसे, मी भाकरीकडं बघायची. डोळ्यांनंतर नाक सुरू व्हायचं, आणि नेमकं नाकापाशी कुणाला तरी फोन हवा असायचा. हे गल्ल्यावरून ओरडायचे, "नूतन, लाइन!" मी तार सोडायची आणि जिभाऊ मिशीच्या वर थांबायचे. आक्का उठायच्या, रिकामा डबा घ्यायच्या आणि घरी जायच्या. उद्या पुन्हा.

पडद्यावर त्यांना कधी तोंड दिसलंच नाही. मला ते फार लागायचं, कारण शेवटच्या महिन्यांत जिभाऊंची वाचा गेली होती. आक्का उशाशी बसून त्यांच्या ओठांकडं बघत राहायच्या, काही बोलतील म्हणून. फोटो लहान केला त्या दिवशी त्या आल्या, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, पडद्यापाशी वाकल्या. मी मुकाट्यानं मोठा फोटो परत लावला.

शनिवार दोन दिवसांवर आला तसे हसमुखभाई स्वतःच आले. स्वभावानं गोड माणूस. बसले, पाणी प्यायले, साइट लावून घेतली आणि टोपी उतरायला लागल्याबरोबर हसून म्हणाले, "बहेन, आमां शुं विचारवानुं? पहेलो फोटो काढी नाखो!"

आक्का स्टुलावर होत्या. हे गल्ल्याजवळून उठून आले होते. बळीरामच्या हातात अर्धी घडी होती. काढी नाखो म्हणजे काढून टाका, आमच्यातल्या एकाला तरी कळलं नसेल असं नाही. आक्कांना तर माझ्याआधी कळलं असणार, भाजीवालीशी त्या गुजरातीतच भांडतात. पण सगळे माझ्याकडं बघत राहिले, जणू मी सांगितल्याशिवाय ते ऐकलंच गेलं नव्हतं.

माझ्या तोंडून निघालं ते असं: "फोटो काढा म्हणतात."

आणि आपल्या भाषेनं मला वाचवलं, की फसवलं, देव जाणे. कारण ह्यांनी लगेच टाळी वाजवली. "काढू की! फोटो काढायला काय! बळीराम, तो कॅमेरा कुठंय? दुकानाचा काढू, सगळ्यांचा काढू. नवा फोटो!"

"हा, नवाच पायजे," बळीराम म्हणाला आणि कॅमेरा आणायला धावला. खरंच धावला.

"ना, ना," हसमुखभाई म्हणत होते, "हुं एम कहुं छुं के..." पण ह्यांनी त्यांचा दंड धरून त्यांना गादीवर बसवलंही होतं. मागं मुनीमजी. मला पदर सारखा करायला सांगितलं. आक्का म्हणाल्या, "माझा नको बाई," आणि स्टूल भिंतीकडं सरकवलं. कॅमेऱ्याचा लखलखाट झाला. हसमुखभाईंचा तो फोटो अजून आमच्याकडं आहे. काय चाललंय ते न कळलेला माणूस इतका स्वच्छ मी दुसऱ्या कुठल्या फोटोत पाहिलेला नाही.

जाताना त्यांनी मला दाराशी गाठलं आणि हळूच विचारलं, "बहेन, में कंई खोटुं कह्युं?" मी म्हटलं, नाही भाई, खोटं काही नाही. चहा घेऊन जा.

त्या संध्याकाळी मी ठरवलं की शब्दानं जे होत नाही ते मी कॉम्प्युटरकडून करून घेईन. पुस्तकात एक रीत होती. फोटो वरून खाली पट्टीपट्टीनं येण्याऐवजी आधी सगळाच्या सगळा अंधुक येतो आणि मग हळूहळू स्पष्ट होत जातो. वजन तेवढंच, वेळही तेवढाच; पण बघणाऱ्याला वाटतं, आला. मला ही युक्ती फार आवडली. जिभाऊ लहान होणार नाहीत, दारातून जाणार नाहीत, अर्धे राहणार नाहीत, आणि कुणाला काही म्हणावं लागणार नाही. ज्योत्स्नाबेनला काकांचा पूर्ण चेहरा दिसला की त्या निदान चहाला उठणार नाहीत, असा माझा हिशोब. खालच्या साड्यांचं काय, ह्याचा विचार मी केला नाही असं नाही. तो मी बाजूला ठेवला.

दुसऱ्या दिवशी आक्का आल्या. डबा टेबलावर, पदर गुडघ्यावर. "लाव."

मी लावलं. तारेचं किंचाळणं थांबलं, आणि पडद्यावर एकदम सगळे जिभाऊ आले. ठोकळ्या-ठोकळ्यांचे. टोपीच्या जागी एक काळा ठोकळा, चेहऱ्याच्या जागी गव्हाळ ठोकळे, हाराच्या जागी मातकट.

आक्का स्टुलावरून उठल्या. "हे कोण?"

"जिभाऊच. थांबा ना. आता स्पष्ट होतील."

हे गल्ल्यावरून बघत होते. फोन हवा होता त्यांना, हातात कतारगामच्या व्यापाऱ्याची चिठ्ठी होती. पण ते 'लाइन' म्हणून ओरडले नाहीत. टेबलापाशी येऊन माझ्या खुर्चीमागं उभे राहिले. बळीरामही आला.

ठोकळे बारीक होत गेले. गव्हाळातून दोन सावल्या निघाल्या, त्या डोळे झाल्या. नाकाची कड आली. मिशी आली. आणि मग मिशीखाली, मोठ्या फोटोत आजवर ह्या पडद्यावर कधी न आलेली, एक बारीक रेघ. ती ओठ झाली. जळगावच्या स्टुडिओत मिटलेले, तसेच. आक्का त्या ओठांकडं बघत उभ्या राहिल्या. मी त्यांच्याकडं बघत होते. मला वाटलं आता त्या रडतील आणि मग सगळं बरं होईल. कशानं बरं होईल ते माहीत नव्हतं.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं, आक्का. पूर्ण आले."

"आता काय होतं?"

"आता खाली साड्या येतील. हळूहळू."

"आणि हे?"

"हे असेच राहतात."

त्यांनी मान हलवली. खाली एका घडीची नुसती वरची कड दिसायला लागली होती.

"रोज कशाला लावतेस गं हा?" त्या म्हणाल्या.

मला प्रश्नच समजला नाही. "तुम्ही येता म्हणून."

"मी येते तू लावतेस म्हणून."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? एवढी धडपड करून दारात उभं केलंस त्यांना. म्हटलं, कुणीतरी घरचं माणूस जाऊन बसायला हवं. नाहीतर तुम्हा दोघांना वाटेल, बाईला काही नाहीच."

"पण मला वाटायचं तुम्हाला..." मी म्हटलं आणि ह्यांच्याकडं वळले. "मी तर ह्यांच्यामुळं ठेवला. हेच म्हणाले, अंधुक नको. लहान नको."

"मी?" हे म्हणाले. "मी वहिनींसाठी म्हणालो. वहिनी बघतील म्हणून म्हटलं, मग त्या रोजच यायला लागल्या... माझं काय? मला तर गादीवरचा आहेच की रोज." ह्यांनी हातातली चिठ्ठी उगाच उलटी करून बघितली. "मला वाटलं नूतनला हवाय. तिची साइट."

आम्ही तिघं एकमेकांकडं बघत राहिलो. बळीराम हळूच म्हणाला, "मंग कामून उभे हायत ते?" आणि स्वतःच दोन पावलं मागं सरला.

उद्या शनिवार. लेस्टरच्या कुठल्याशा खोलीत बायका जमणार, आणि आमच्या दारात एक माणूस उभा, ज्यानं उभ्या आयुष्यात गिऱ्हाइकाच्या वाटेत पाय आडवा घातला नाही. गिऱ्हाईक आलं की जिभाऊ आधी उठून बाजूला व्हायचे, मग 'या' म्हणायचे. हे मला तेव्हाच का आठवलं, आधी का नाही, कळत नाही.

"लहान करू आपण," हे घाईनं बोलायला लागले. "कोपऱ्यात घेऊ. नाहीतर शेवटच्या पानावर, काय? साड्या बघून झाल्या की मग. किंवा नुसतं नाव. हाराचा तेवढा... नूतन, तो फोटो कसा काढ... म्हणजे नवा काढायचा तर..."

त्यांचं वाक्य तिथंच अडकलं. दोन्ही अर्थ तोंडात घेऊन ते उभे होते आणि एकही बाहेर येत नव्हता. मीही तोंड उघडलं होतं, पण मला मदत करता येईना.

आक्कांनी ह्यांच्या हातातली चिठ्ठी काढून घेतली आणि टेबलावर ठेवली, लहान मुलाच्या हातातलं काढून ठेवावं तशी. दुकानात त्या कधी अहिराणी बोलत नाहीत. जिभाऊंनीच सांगितलेलं, गादीवर घरची बोली नको.

"तुमना जिभाऊ गयात, वाल्मिकभाऊ," त्या म्हणाल्या. "आते काढी टाका तो फोटो."